फायली राहतील म्हणून सांगितलं आणि लॅपटॉप फॉरमॅट केला, याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख, होम सपोर्ट विभाग

विषय: घरी आलेल्या टेक्निशियनने केलेलं चुकीचं काम, गेलेला डेटा आणि त्यानंतर फोनवर मिळालेला चुकीचा सल्ला

नमस्कार,

माझ्या वडिलांच्या नावावर तुमचा वर्षाचा होम सपोर्ट प्लॅन आहे. पैसे मी पुण्याहून भरलेत, लॅपटॉप साताऱ्याला आईबाबांकडे असतो. बाबा रिटायर्ड शिक्षक आहेत, पंच्याहत्तरी ओलांडलीय, आणि गेली काही वर्षं ते आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहितायत. गावोगावच्या भाऊबंदांना फोन करायचे, लग्नपत्रिका, जुनी पत्रं मागवायची, कोण कुठे दत्तक गेलं, कोणाची सासुरवाडी कुठली, हे सगळं टाईप करून ठेवायचं. त्यांची दुपार त्यातच जाते. तुमच्या माणसाने तो लॅपटॉप फॉरमॅट केला आणि त्यातलं बरंच काम गेलं. फोन केला की दरवेळी नवीन माणूस, दरवेळी पहिल्यापासून सगळं सांगा, म्हणून आता एकदाच लिहून देतेय, कृपया शेवटपर्यंत वाचा.

आमची तक्रार एवढीच होती की लॅपटॉप खूप स्लो चालतो, चालू व्हायलाच चहा करून होतो. टेक्निशियन आला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला विंडोज नवीन टाकतो, मग पळेल. बाबांनी त्याला स्पष्ट विचारलं होतं, माझ्या फायली राहतील ना? तो म्हणाला, काळजी करू नका काका, डी ड्राइव्हला हात लावत नाही. बाबांना वाटलं सगळं राहणार. आता तुम्ही मला सांगा, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही सी ड्राइव्हमध्ये असतात हे घरात कॉम्प्युटर वापरणाऱ्या किती लोकांना माहीत असतं? समोर स्क्रीनवर फोल्डर दिसतं, त्याच्यावर क्लिक केलं की उघडतं, माणसाच्या दृष्टीने फाईल तिथे असते. बाबांची नवीन प्रकरणं, वंशावळीचे तक्ते, स्कॅन केलेले फोटो सगळं डेस्कटॉपवरच होतं. टेक्निशियनने एकदा विचारायचं होतं, काका तुमचं काम कुठे सेव्ह करता, उघडून दाखवा. या एका वाक्यात सगळं वाचलं असतं.

आणि फॉरमॅट करायची गरज तरी होती का? विंडोज टेनमध्येच रीसेटची सोय आहे, त्यात माझ्या फायली ठेवा असा पर्याय येतो. पेनड्राइव्हवरून विंडोज टाकलं तरी पार्टिशन (डिस्कचा सी, डी असा भाग) फॉरमॅट न करता टाकलं तर जुनं सगळं विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये राहतं, त्यातून युजरचं फोल्डर उचलून घेता येतं. तेही नको तर आधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी करून डीमध्ये टाकायचे. हे मी तुमच्या लोकांना शिकवायचं का? मी बँकेत कॅशियर आहे, मी हे गेल्या काही दिवसांत वाचून विचारून समजून घेतलं, तुमची लोकं तर याच कामाचे पैसे घेतात.

काम झाल्यावर त्याने स्वतःचा मोबाईल पुढे करून बाबांची सही घेतली. जॉबकार्ड, म्हणजे झालेल्या कामाची नोंद, नंतर माझ्या ईमेलवर आलं, त्यात इंग्लिशमध्ये लिहिलंय की डेटाचा बॅकअप ग्राहकाने घेतलेला आहे. बाबांनी असं कधीच सांगितलं नाही, त्यांना तसं कोणी विचारलंही नाही. फोनवर तुमचे लोक आता तीच ओळ मला वाचून दाखवतात. काम झाल्यावर, न वाचून दाखवता घेतलेली सही मला मान्य नाही आणि ते जॉबकार्ड मला दुरुस्त करून हवंय.

पुढचं तर जास्त वाईट आहे. डी ड्राइव्हमधली जुनी प्रकरणं शिल्लक होती, पण बाबांनी ती उघडली तर अक्षरांच्या जागी इंग्लिश अक्षरं, कंस, टक्के, डॉलर असलं काहीतरी. ते घाबरून गेले. तुमच्या हेल्पलाईनला फोन केला तर तिकडच्या मुलाने सांगितलं की फायली करप्ट झाल्यात, व्हायरस असेल, डिलीट करून टाका. बाबा डिलीट करणारच होते, आईने आधी मला फोन लावला म्हणून वाचलं. त्या फायलींना काहीही झालेलं नव्हतं! त्या श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप केलेल्या आहेत. श्रीलिपी, आयएसएम असल्या सॉफ्टवेअरचे जुने फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीचे नाहीत, त्यात मराठी अक्षरं इंग्लिश अक्षरांच्या नंबरवर बसवलेली असतात, त्यामुळे तो फॉन्ट मशीनवर नसला की वर्ड दुसराच फॉन्ट लावतो आणि खालचा कचरा दिसतो. फॉरमॅटमध्ये फॉन्ट उडाले, एवढंच कारण. फॉन्ट परत टाकला आणि प्रकरणं जशीच्या तशी दिसायला लागली. महाराष्ट्रात अजून कितीतरी रिटायर्ड शिक्षक, वकिलांचे टायपिस्ट, छापखानेवाले, ग्रामपंचायतीतले लोक यांच्याकडे अशाच फायली आहेत. साताऱ्यात सर्व्हिस देणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाईनवर हे माहीत नसावं? माहीत नसेल तर नसेल, पण मग विचारून सांगतो म्हणायचं, डिलीट करा म्हणायचं नाही. न कळलेल्या फायलीला डिलीट करा हा सल्ला देणं तुम्ही ताबडतोब बंद करा, ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती आहे.

गेलेल्या डेटाचंही तसंच. मी विचारलं परत मिळेल का, तर उत्तर आलं, फॉरमॅट झाल्यावर काही मिळत नाही, तुम्ही लॅपटॉप वापरायला लागा. हेही चूक. बाबांच्या लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्डडिस्क आहे, एसएसडी (नवीन, वेगवान प्रकारची डिस्क) नाही. हार्डडिस्क क्विक फॉरमॅट केली की आतला मजकूर लगेच पुसला जात नाही, फक्त त्याची नोंद जाते, आणि त्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं की मग तो खरा जातो. म्हणजे पहिला सल्ला हाच पाहिजे होता की लॅपटॉप बंद करा, काही इन्स्टॉल करू नका. उलट तुमच्या माणसाने फॉरमॅटनंतर विंडोज, ड्रायव्हर, दोन दोन अँटीव्हायरस, कसले कसले क्लीनर सगळं त्याच डिस्कवर टाकलं. आम्ही नंतर डिस्क काढून इथल्या एका रिकव्हरीवाल्याकडे दिली. त्याने बरेच फोटो काढून दिले, पण नावं गेलीत, नुसते नंबर आहेत, त्यामुळे कुठला फोटो कोणत्या शाखेतल्या माणसाचा हे बाबा परत एकेक करून लावत बसलेत. फोटोतली काही माणसं ओळखणारे आता हयात नाहीत. तक्ते मिळाले नाहीत.

आता बाकीचे मुद्दे, पटापट सांगते.

लॅपटॉपसोबत विंडोजची होम एडिशन आलेली होती, तिचं लायसन्स त्या मशीनलाच जोडलेलं असतं, परत होम टाकलं असतं तर आपोआप ॲक्टिव्हेट झालं असतं. तुमच्या माणसाने स्वतःच्या पेनड्राइव्हमधून प्रो ही वेगळी एडिशन टाकली. आता कोपऱ्यात ॲक्टिव्हेट विंडोज येतंय आणि तुमची हेल्पलाईन लायसन्सचे वेगळे पैसे मागतेय. आमचं होम परत टाकून द्या, फुकट.

दूरवरून मदत करायचं ॲप कायमच्या पासवर्डसकट चालू ठेवून तो गेला. म्हणजे तो पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो बाबांना न विचारता केव्हाही लॅपटॉपमध्ये शिरू शकतो. बाबा त्याच्यावरच पेन्शनचं नेटबँकिंग बघतात. असल्याच ॲपमधून लोकांची खाती रिकामी होतायत, बँकेत रोज एखादं तरी प्रकरण समोर येतं आणि आम्ही लोकांना सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाईनला फोन करायला सांगत असतो. विंडोजमध्ये क्विक असिस्ट आहे, त्यात दरवेळी नवीन कोड लागतो आणि समोरच्याने परवानगी दिल्याशिवाय स्क्रीन दिसत नाही. तेच वापरा. ते ॲप मी काढून टाकलंय आणि नेटबँकिंगचा पासवर्ड बदललाय, पण तुमच्याकडे आमचा कुठला पासवर्ड नोंदवून ठेवला असेल तर तो पुसल्याचं मला लेखी कळवा.

तिसरं, विंडोज टेन बंद झालंय, हा लॅपटॉप आता चालणार नाही, आमच्याकडून नवीन घ्या असं आईला सांगितलं गेलं. विंडोज टेनचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला हे खरं, पण लॅपटॉप काही बंद पडत नाही, आणि घरगुती ग्राहकांना सिक्युरिटी अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळवता येतात, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर त्याला पैसेही लागत नाहीत. हे सांगायचं सोडून म्हाताऱ्या माणसांना घाबरवून नवीन लॅपटॉप विकायचा, हे बरोबर नाही.

आणि मूळ दुखणं, स्लो चालतो, ते तसंच आहे. टास्क मॅनेजर (कशावर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला की डिस्क सतत शंभर टक्के दिसते. रॅम चार जीबी, डिस्क जुनी, त्यावर दोन अँटीव्हायरस एकाच वेळी. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असताना त्या दोघांची गरजच नव्हती. रिकव्हरीवाल्याने बघता क्षणी सांगितलं की एसएसडी टाका आणि रॅम वाढवा. तुमच्या माणसाने टास्क मॅनेजर उघडून तरी बघितला असता तर फॉरमॅटपर्यंत गोष्ट गेलीच नसती.

मला काय हवंय ते लिहिते. प्लॅनचे पूर्ण पैसे परत आणि रिकव्हरीवाल्याला दिलेला खर्च, बिल सोबत जोडलंय. जॉबकार्डची दुरुस्ती. होम एडिशन परत, पण येणारा माणूस मी साताऱ्याला असेन त्याच दिवशी यावा. आणि यापुढे कोणाच्याही घरी फॉरमॅट करायच्या आधी ग्राहकाला त्याच्या भाषेत सांगायचं की डेस्कटॉपवरचं सगळं जाईल, त्याच्याकडून त्याच्या फायली उघडून दाखवून घ्यायच्या, कॉपी करायच्या, कॉपी उघडते का ते त्यालाच बघायला लावायचं, मग सही घ्यायची. हा नियम तुम्ही केला का, तेवढं मला कळवा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवणार आहे, आणि तिथूनही काही झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते, त्यामुळे बाबांना साताऱ्याच्या बाहेर जावं लागणार नाही.

उत्तर ईमेलवर आणि मराठीत द्या, बाबांना ते स्वतः वाचायचंय. त्यांना फोन करून तोंडी माफी वगैरे मागू नका, फोन आला की कोणी पासवर्ड विचारतंय का म्हणून ते धास्तावतात. जे बोलायचं ते माझ्याशी बोला, माझा नंबर तुमच्या रेकॉर्डला आहे.

कळावे,
प्लॅनधारकाची मुलगी, पुणे

सोबत: जॉबकार्डची प्रत, रिकव्हरीचं बिल, बिघडलेल्या अक्षरांच्या आणि फॉन्ट टाकल्यानंतरच्या त्याच पानाच्या स्क्रीनचे फोटो