हेतू न पाहणारे कलम

पाकिस्तानातील ईशनिंदेच्या खटल्यांवरचा अग्रलेख वाचला. त्यात सगळा दोष झुंडीच्या माथी मारला आहे, तो अर्धाच पटतो. ब्रिटिशांनी १९२७ मध्ये दंड संहितेत आणलेले कलम २९५-अ दोन्ही देशांना वारशात मिळाले. त्यात जाणीवपूर्वक, दुष्ट हेतूने केलेला धर्माचा अपमानच गुन्हा ठरतो. आपल्या न्याय संहितेतही ती अट कायम आहे (म्हणून आपल्याकडे गैरवापर होत नाही, असे नव्हे). पाकिस्तानात लष्करशहा झिया-उल-हक यांच्या राजवटीत १९८६ साली आलेल्या, प्रेषितांच्या अवमानाबद्दलच्या २९५-सी मध्ये मात्र हेतूचा उल्लेखच नाही आणि शिक्षा देहदंडाची. शेतात फालसे तोडताना पाण्याच्या पेल्यावरून बायकांची भांडाभांडी झाली, त्यातून ईशनिंदेचा आरोप झाला आणि आसिया बीबी या ख्रिश्चन शेतमजूर बाईला २०१० पासून २०१८ मध्ये निर्दोष सुटेपर्यंत फाशीच्या छायेत राहावे लागले. तिची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. त्या मारेकऱ्याला न्यायालयात आणले, तेव्हा त्याच्यावर गुलाबपाकळ्या उधळणारे लोक वकील होते. त्यांना कोणत्या झुंडीत मोजायचे?

– एक वाचक, सातारा