सव्वा लाखाचा इन्शुरन्स

लेस्टर,
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप अण्णाकाकांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "एवढ्याशा आय-टेनला सव्वा लाख इन्शुरन्स? पोरी, तुला कोणीतरी गंडवलंय." उभी हयात सांगली-मिरजेत लोकांच्या विमा पॉलिस्या काढून दिलेल्या माणसाला व्हिडिओ कॉलवर समजावणं मला काही जमेना, त्यात तुमच्याकडची रेंज जात-येत होती. म्हणून सविस्तर लिहिते. शिवाय जानेवारीत बंड्या कॉव्हेंट्रीला एमएस्सीला येतोय आणि आल्याआल्या गाडी घ्यायचे त्याचे बेत चाललेत, तेव्हा हे पत्र त्यालाही वाचायला द्या. त्याला मी सांगितलं की तो हसण्यावारी नेतो.

आपल्याकडे इन्शुरन्स गाडीचा असतो. इंजिन किती सीसीचं, आयडीव्ही (म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) किती, गाडी किती जुनी, एवढं कळलं की तुम्ही तोंडावर आकडा सांगता. थर्ड पार्टीचा, म्हणजे फक्त समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा, दर तर सरकारनेच बांधून दिलेला. हजार सीसीच्या आतली घरची गाडी असेल तर २,०९४ रुपये, मग ती बाबा चालवोत की बंड्या. लायसन्स असलं की झालं. इथे ब्रिटनमध्ये दर कोणी बांधून देत नाही, आणि कंपनी गाडीकडे बघते त्याहून जास्त माणसाकडे बघते. वय काय, नोकरी काय, कुठल्या पोस्टकोडात राहता, रात्री गाडी अंगणात असते की रस्त्यावर, वर्षाला किती मैल चालवणार, लायसन्स कुठलं आणि कधीचं, या देशात कधीपासून आहात. सगळं विचारून मग आकडा येतो. त्यातही पॉलिसीवर ज्याचं नाव त्यानेच चालवायची. "जरा दूध घेऊन ये रे गाडीवरून" असं शेजारच्या पोराला सांगायची सोय नाही.

आता यात माझी गत बघा. मिरजेत इतकी वर्षं स्कूटी चालवली, बाबांची वॅगन-आर कोल्हापूरपर्यंत नेली, कधी खरचटलंही नाही. पण इथल्या फॉर्मवर मी नुकतीच जन्मले. ब्रिटनमधला ड्रायव्हिंगचा अनुभव शून्य, नो क्लेम, म्हणजे क्लेम न केलेल्या वर्षांची सवलत, तीही शून्य. तुम्ही मोठ्या हौसेने कंपनीच्या लेटरहेडवर ५० टक्के एनसीबीचं (नो क्लेम बोनसचं) पत्र करून पाठवलं होतं. त्याला शिक्काही होता. मी ज्यांना ज्यांना ते दाखवलं त्यांनी गोड बोलून परत केलं. काही कंपन्या बाहेरच्या देशाचं नो क्लेम धरतात, पण बहुतेक वेळा ते युरोपातलं. आणि तसंही ते पत्र बाबांच्या नावाचं होतं, काका. तुम्हालाही ते माहीत होतं.

भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं, कायद्याने काही अडचण नाही. अडचण इन्शुरन्सची. फॉर्ममध्ये लायसन्सच्या प्रकारात आपलं शोधून टाकलं की निम्म्या कंपन्या गप्पच होतात, आणि उरलेल्या असा आकडा सांगतात की पाणी प्यावं लागतं. मी बघत होते ती गाडी ४,२०० पौंडांची, आणि तिचा वर्षाचा सगळ्यात स्वस्त इन्शुरन्स २,६५० पौंड. नाद सोडला आणि बसने गेले. साडेसातची ड्युटी, रविवारी बस कमी, डिसेंबरात त्या थांब्यावर काय हाल होतात ते आईला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

त्या काळात एक काम केलं ते बंड्याने आल्याबरोबर करावं. इथल्या प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, लायसन्सला अर्ज टाकला. ऑनलाइन ३४ पौंड. मग थिअरी परीक्षा, फी २३ पौंड. ५० प्रश्नांतले ४३ बरोबर यावे लागतात, शिवाय रस्त्याच्या व्हिडिओ क्लिपा दाखवतात, त्यात धोका दिसू लागला की लगेच क्लिक करायचं. तिथे ७५ पैकी ४४ पाहिजेत. क्लिपमध्ये कोपऱ्यावरून एक सायकलवाला डोकावतो किंवा उभ्या व्हॅनचा दरवाजा किलकिला होतो. सांगलीत स्टेशन रोडला गाडी चालवलेल्या माणसाला त्यात धोका दिसतच नाही, हीच पंचाईत. प्रत्यक्ष ड्रायव्हिंगची परीक्षा ६२ पौंडांची, आणि तारीख मिळता मिळत नाही. लोक महिनोन्महिने थांबतात. म्हणून म्हणते, १२ महिने आहेत म्हणून बंड्याने निवांत बसू नये.

परीक्षा पास झाले आणि फॉर्ममध्ये पूर्ण ब्रिटिश लायसन्स लिहिलं तसा आकडा निम्म्याच्या खाली आला. तरीही तो लगेच घेतला नाही. इथे मनीसुपरमार्केट, कन्फ्यूज्ड डॉट कॉम अशा साइट आहेत. एकदा माहिती भरली की ढीगभर कंपन्यांचे दर एका पानावर येतात. तुमच्या पोटावर पाय देणारा धंदा आहे हा, पण मला उपयोगी पडला. रात्री जेवण झालं की मी तेच घेऊन बसायचे आणि एकेक गोष्ट बदलून काय होतं ते बघायचे.

पहिलं म्हणजे गाडी. इथे गाड्यांचे १ ते ५० असे इन्शुरन्सचे गट पाडलेत. छोट्या इंजिनाची आय-टेन, पिकांटो, आयगो या खालच्या गटांतल्या. बंड्याला ती जुनी, दमदार इंजिनाची गोल्फ जीटीआय खुणावतेय, कारण विकत घ्यायला स्वस्त. स्वस्त का, ते इन्शुरन्सचा आकडा आला की कळेल.

दुसरी गोष्ट तुम्हाला पटणार नाही. नुसती थर्ड पार्टी घेतली तर मला जास्त पैसे पडत होते आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीचंही नुकसान भरून देणारी, स्वस्त! मला वाटलं साइट बिघडली. आमच्या वॉर्डातल्या केरळच्या सिस्टर इथे पुष्कळ वर्षं आहेत, त्यांनी उलगडा केला. नुसती थर्ड पार्टी घेणाऱ्यांत आजवर जास्त अपघात करणारे निघाले, म्हणून कंपन्यांनी त्या सगळ्या गटाचाच दर चढवलाय. पॉलिसी निवडली की आपण कुठल्या पंगतीत बसलो तेही त्यात धरतात.

तिसरं, सुरुवातीची तारीख. उद्यापासून हवी म्हटलं की महाग, तीन-चार आठवडे पुढची टाकली की बरीच कमी. ऐन वेळी धावत येणारा माणूस बेफिकीर, असा त्यांचा होरा. मग एक्सेस, म्हणजे तुमच्या भाषेत डिडक्टिबल. आपल्याकडे छोट्या गाडीला सक्तीचे हजार रुपये असतात. माझ्या पॉलिसीत सक्तीचे २५० पौंड आणि मी आपणहून वाढवलेले २५०. म्हणजे गाडी कुठे घासली तर पहिले ५०० माझे. ते बाजूला ठेवलेत, नाहीतर एक्सेस वाढवण्यात अर्थ नाही.

आई म्हणाली होती, बायकांना स्वस्त मिळतं म्हणे. मिळायचं. पण युरोपातल्या कोर्टाच्या निकालामुळे डिसेंबर २०१२ पासून स्त्री-पुरुष बघून दर लावायला बंदी आहे, आणि ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं तरी ती राहिली.

ब्लॅक बॉक्सची पॉलिसीही बघितली. गाडीत एक डबी बसवतात, तुम्ही ब्रेक कसा मारता, वेग किती, किती वाजता बाहेर पडता, सगळं कंपनीला कळतं. नीट चालवलं तर सवलत. बंड्यासारख्यांना चांगली आहे, कारण कोवळ्या वयाला दर फार चढे असतात. पण यातल्या बऱ्याच पॉलिस्यांत रात्री उशिरा गाडी काढली की गुण कापतात. मी नाइट ड्युटी करणारी बाई. पहाटे गाडी का काढली याचा जाब डबीला देत बसू?

शेवटी १,१४० पौंडांवर जमलं. त्यात १२ टक्के विमा कर आला, म्हणजे आपल्या १८ टक्के जीएसटीपेक्षा कमीच. तुम्ही विचारलंत, मासिक हप्ता का नाही केलास? तो हप्ता म्हणजे कर्जच, काका, आणि त्याला व्याज लावतात, बऱ्याचदा वीस टक्क्यांच्या वर. म्हणून ओव्हरटाइमचे पैसे साठवले आणि एकदम भरले.

इतका दर का, याचंही उत्तर आहे. समोरच्या माणसाला इजा झाली तर भरपाईला मर्यादा नाही, हे आपल्याकडेही आहे. पण इथे कोणी कायमचं अंथरुणाला खिळलं तर त्याची जन्मभराची शुश्रूषा कंपनीच्या अंगावर पडते, आणि त्या शुश्रूषेचा तासाचा दर काय असतो हे मी रोज बघते. मालमत्तेच्या नुकसानीला आपल्याकडे साडेसात लाख रुपयांपर्यंत संरक्षण, इथे कायद्याने किमान १२ लाख पौंड. विमा नसलेल्या गाडीने कोणाला उडवलं तर मोटर इन्शुरर्स ब्युरो ही विमा कंपन्यांची संस्था भरपाई देते, तिचा खर्चही आमच्याच प्रीमियममधून निघतो.

आता जरा नाजूक विषय. इथे नवीन आलेल्या आपल्या लोकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जण "निम्म्या किमतीत इन्शुरन्स" करून देतो. पैसे त्याच्या खात्यावर, पीडीएफ तुमच्या फोनवर, लोगोसकट. असल्यांना इथे घोस्ट ब्रोकर म्हणतात. एक तर कागद साफ खोटा असतो, नाहीतर पॉलिसी खरी पण पत्ता, वय, नोकरी भलतीच टाकलेली. पोलीस इथे कागद मागतच नाहीत. त्यांच्या गाडीवरचा कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि विमा आहे की नाही ते तिथल्या तिथे कळतं. नसला तर ३०० पौंड दंड, लायसन्सवर सहा दंडाचे पॉइंट, आणि गाडी ओढून नेतात. नव्या ड्रायव्हरला पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट पडले की लायसन्सच रद्द, पुन्हा प्रोव्हिजनलपासून सुरुवात. बंड्याला सांगा, कोणाकडूनही पॉलिसी घेण्याआधी तो ब्रोकर फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीच्या (विमा धंद्यावर देखरेख करणाऱ्या इथल्या संस्थेच्या) यादीत आहे का ते बघायचं.

दुसरी पळवाट आपल्याच माणसांनी मला सुचवली. "कोणा वयस्कर ओळखीच्याला मेन ड्रायव्हर दाखव, तू खाली नाव घाल." तो सरळसरळ गुन्हा आहे. गाडी रोज मी चालवणार तर मेन ड्रायव्हर मीच. त्या केरळच्या सिस्टर अधूनमधून खरोखरच माझी गाडी नेणार होत्या, म्हणून त्यांचं नाव दुसरी ड्रायव्हर म्हणून घातलं. त्याने दर थोडा उतरला आणि लपवण्यासारखंही काही नाही.

पुढच्या वर्षी नो क्लेम एका वर्षाचं होईल, तेव्हा बघू. २०२२ पासून इथे जुन्या गिऱ्हाइकाला नव्यापेक्षा जास्त दर लावायला मनाई आहे. तरी रिन्यूअलचं पत्र आलं की मी पुन्हा सगळीकडे भाव काढणारच. तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला सोडून जात नाही, कारण तुम्ही क्लेमच्या वेळी सर्व्हेअरच्या मागे स्वतः उभे राहता. इथे फोन उचलणारा दर वेळी वेगळा, आणि आधी वीस मिनिटं संगीत.

बंड्याच्या बाबतीत माझं स्पष्ट मत, पहिलं वर्ष गाडी नको. बस आणि रेल्वे, विद्यार्थी म्हणून रेलकार्ड काढलं की तिकिटात एक तृतीयांश सूट. तेवढ्यात इथलं लायसन्स काढू दे. निघण्याआधी त्याचं सांगलीचं लायसन्स मुदतीत आहे ना आणि त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना, एवढं बघा. त्याच्या लायसन्सवर नुसतं "बी. आर." आहे असं मला आठवतंय. आरटीओत तुमची ओळख आहे, तेवढं आताच करून घ्या.

काकूला नमस्कार, आजीला सांगा की मी वेळेवर जेवते. मेतकूट संपलंय. बंड्याच्या बॅगेत जागा असली तर पाव किलो द्या.

तुमची,
छोटी

ता. क. मेमध्ये तुम्ही आणि काकू येणार आहात तेव्हा गाडी चालवता येईल का, असं विचारलंत. भारतातल्या लायसन्सवर पाहुण्यांना चालवता येते आणि काही दिवसांपुरता वेगळा इन्शुरन्सही मिळतो, पण बऱ्याच कंपन्यांची वयाची अट असते. तुमची जन्मतारीख टाकून दर काढते आणि कळवते. आकडा बघून तुम्हीच म्हणाल, शेजारच्या सीटवर बसूनच ब्रेक मारतो.