95 टक्के कशाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला व्हेप (म्हणजे ई-सिगारेट) आणि सिगारेटच्या तुलनेचा लेख वाचला. एक दिवस मुद्दाम थांबलो. रागाच्या भरात रविवारीच लिहिले असते तर आपल्याला छापता आले नसते. डावीकडे सिगारेट, उजवीकडे व्हेप, मध्ये ठळक अक्षरांत '95 टक्के सुरक्षित' आणि खाली चौकटीत 'पॉपकॉर्न लंग'चा, म्हणजे फुफ्फुसातल्या बारीक श्वासनलिका आखडण्याच्या आजाराचा, धाक. एकाच पानावर दिलासाही आणि भीतीही, दोन्ही अर्धवट.

आधी तो आकडा. मुळात शब्द आहेत 'सुमारे 95 टक्के कमी घातक'. त्याचे 'सुरक्षित' कोणाच्या टेबलावर झाले, ते आपणच शोधा. 2013 साली लंडनमध्ये 12 तज्ज्ञ बसले आणि निकोटिन असलेल्या 12 उत्पादनांना त्यांनी आपसांत चर्चा करून घातकपणाचे गुण दिले. रुग्ण तपासून काढलेला हा आकडा नव्हे. बहुतेक निकषांवर ठोस पुरावा नाही, हे त्यांनी 2014 च्या निबंधात स्वतःच लिहून ठेवले होते. पुढे ऑगस्ट 2015 मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंड या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने तो आकडा उचलला आणि तेव्हापासून तो जगभर फिरतो आहे. 2013 मध्ये आजची निकोटिन-सॉल्टची (आम्ल घालून घशाला सौम्य केलेल्या निकोटिनची) उपकरणे बाजारात आलीही नव्हती. 2013 चे गुणपत्रक आजच्या यंत्राला लावायचे, ते का?

तरी खरे ते सांगितले पाहिजे. वीस वर्षे सिगारेट ओढणाऱ्याने ती पूर्ण सोडून फक्त व्हेप घेतले, तर धोका कमी होतो, बराच कमी होतो. झुरका घेताना सिगारेटचे टोक 900 अंशांच्या आसपास जाते. त्या आगीतून डांबर येते, कार्बन मोनॉक्साइड येतो आणि सत्तरेक कर्करोगकारक द्रव्ये येतात. व्हेपमध्ये जळत काही नाही, त्यामुळे डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाही. पण या वाक्यातला 'पूर्ण' हा शब्द लेखातून गळाला आहे आणि सगळी मेख तिथेच आहे. ऑफिसात व्हेप, संध्याकाळी पानठेल्यावर दोन सिगारेटी, असे करणाऱ्याला हा हिशेब लागू नाही. रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या निम्म्याच्या जवळपास असतो. वीसवरून दोनवर आलो म्हणजे धोका दहापट घटला, असे त्रैराशिक हृदय मांडत नाही.

आता लेखातल्या 'नुसती पाण्याची वाफ' या वाक्याकडे. त्यात पाणी नावापुरते. द्रव असतो प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचा, त्यात निकोटिन आणि वास. कापसाच्या वातीभोवती तारेची कॉइल असते आणि बॅटरी ती तापवते. वात ओली असेतो तापमान साधारण 200 ते 250 अंशांत राहते. द्रव संपत आला किंवा लागोपाठ झुरके घेतले, की वात कोरडी पडते. कंदिलातले तेल संपल्यावर वात जळते, तसेच. मग ग्लिसरीन फुटून अॅक्रोलिन आणि फॉर्मल्डिहाइड तयार होते. घशाला करपट चव लागते ती हीच. गोडीसाठी घातलेले सुक्रालोज कॉइलवर काळा थर धरते. एकदाच वापरून फेकायच्या उपकरणात कॉइल बदलण्याची सोय नसते, म्हणून शेवटचे झुरके सर्वांत वाईट. तारेतून निकेल आणि क्रोमियम, हलक्या सोल्डरमधून शिसे, हे वर. मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात हेच लिथियमचे उपकरण गाडीच्या डिक्कीत ठेवले, तर बॅटरी फुगते आणि द्रव गळतो.

वेष्टनावरच्या '5 टक्के' या अक्षरांना लेखकाने 'अल्प प्रमाण' म्हटले आहे. धन्य! 5 टक्के म्हणजे एका मिलिलिटरात 50 मिलिग्रॅम निकोटिन. युरोपची मर्यादा 20 आहे. 10 मिलिलिटरच्या उपकरणात 500 मिलिग्रॅम झाले. एका सिगारेटमधून शरीरात साधारण 1 ते 1.5 मिलिग्रॅम जाते. व्हेपमधले निम्मेच अंगी लागले असे धरले, तरी वीस-वीसच्या दहाएक पाकिटांचा माल झाला. सिगारेट थोटकापाशी संपते, याला थोटूकच नाही. त्यात सॉल्ट करताना बेन्झोइक आम्ल घालतात, म्हणून घसा खवखवत नाही आणि किती घेतले ते कळत नाही. ज्या पोराने आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही, त्याच्या व्हेपची तुलना सिगारेटशी करायचीच कशाला? त्याची तुलना साध्या हवेशी करा.

आपल्याकडे 2019 च्या कायद्याने याचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळेच बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे जे मिळते ते चोरट्या मार्गाने आलेले, आणि त्यातला द्रव कोणी तपासलेला नाही. ज्या ब्रिटनचा दाखला आपण देता, त्यानेही 1 जून 2025 पासून फेकायच्या व्हेपची विक्री बंद केली.

चौकटीतला धाकही चुकीचाच. पॉपकॉर्न लंग हे नाव अमेरिकेतल्या पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांवरून पडले. लोण्याच्या वासाचे डायअॅसिटिल तिथे हवेत होते. ते सिगारेटच्या धुरातही असते, आणि भरपूर. 2019 मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांत आलेल्या फुफ्फुसविकाराच्या साथीतले 68 मृत्यू आपण छापलेत. पण त्यात मुख्य आरोपी गांजाच्या तेलात मिसळलेले व्हिटॅमिन ई अॅसिटेट होते, ते गाळलेत.

सर्वांत राग आला तो शेवटच्या ओळीचा: 'निकोटिनचे च्युइंगम दिवसभर चघळावे'. असे चघळले तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, उचकी लागते, मळमळते आणि माणूस 'गमने काही होत नाही' म्हणून पुन्हा ठेल्यावर जातो. गम सावकाश चावायचा, झणझणले की थांबायचे, गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा. झणझण गेली की पुन्हा चावायचा. असे अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटे चहा, कॉफी, कोल्ड्रिंक नको, तोंड आंबट झाले की निकोटिन शोषले जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर 4 मिलिग्रॅमचा, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. एरवी 2 मिलिग्रॅमचा, तो चिठ्ठीशिवाय मिळतो. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग कमी करत बाराव्या आठवड्यापर्यंत बंद. दिवसाला दोन-तीनच घेणारे हमखास फसतात. सरकारचा फुकट सल्ल्याचा क्रमांक 1800-11-2356 तंबाखूच्या पाकिटावर छापलेला असतो, आपल्या लेखात मात्र नव्हता.

आणि एक विचारतो. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले 3.8 टक्के प्रौढ तंबाखू ओढणारे होते आणि 24.4 टक्के बिनधुराची घेणारे. नागपूरच्या पुरवणीत अर्धे पान वाफेला, आणि पन्नीत घोटलेल्या खर्ऱ्याला एक ओळ नाही? खर्ऱ्यातल्या सुपारी, तंबाखू आणि चुना यांनी तोंड आतून आवळत जाते. तीन बोटे उभी करून तोंडात जातात का, एवढेच वाचकांना करून पाहायला सांगितले असते. त्याच पानाच्या तळाशी पानमसाल्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या इलायचीची चार रंगांतली जाहिरात होती, तेव्हा जागा नव्हती हे मान्य.

आपला,
छातीच्या विकारांचा एक डॉक्टर, धंतोली, नागपूर