मंदे, त्या रांजणाबद्दल

प्रिय मंदे,

दिवाळीपासून तुला एक अक्षर लिहिलं नाही, शिव्या घालून घे आधी. इकडे सगळे ठीक, ह्यांची शुगर वरखाली, माझा गुडघा आहे तसाच.

लिहायला बसले कारण परवा जे झालं ते इथे कोणाला सांगून कळणार नाही. जाऊबाईंच्या भावाची मंडळी सुट्टीला आलीत आणि गाईड कोण तर मी. भर मे महिन्यात पांडवलेणी! मुलांच्या बाटल्या अर्ध्या पायऱ्यांतच रिकाम्या. वर दहा नंबरच्या लेण्यात मी आपली ऐटीत सांगतेय, हा उषवदात, नहपान राजाचा जावई, ह्याने तीन लाख गाई दान दिल्या, तापी, दमणगंगा, तिकडे डहाणूकडे फुकट नावा ठेवल्या आणि नद्यांच्या दोन्ही काठांना सभा आणि प्रपा बांधल्या, सभा म्हणजे लोकांना बसायच्या जागा, प्रपा म्हणजे पाणपोई रे, आणि हे कातळातलं टाकं आहे ना त्याला लेखात पोढी म्हटलंय. तर त्यांचा धाकटा म्हणतो, "मग आत्ता पाणी कुठेय?" घ्या!

जेवायला एका हॉटेलात गेलो तर पोऱ्याचं नेहमीचं, "साधं की बिसलेरी?" मी म्हटलं साधं, तर वहिनींनी असा चेहरा केला की मी गटारातलंच मागवलं. आल्या सहा बाटल्या. मी हट्टाने ग्लासातलं प्यायले, तू असतीस तर हसली असतीस.

पण खरं पुढेच आहे. संध्याकाळी पंचवटीत, घाटाकडे वळताना एक पाणपोई दिसली. अगदी आपल्यासारखी गं, वर पोत्याचा मांडव, वाळूत बसवलेला रांजण, त्याला गुंडाळलेलं ओलं लाल फडकं, आणि एक म्हातारेबाबा लांब दांड्याचं ओगराळं धरून. मी ओंजळ पुढे केली पण, आणि एकदम तुझे पिवळे डोळे आठवले. हात मागे घेतला. "नको बाबा." ते म्हणाले, "गाळलेलं आहे ताई." आणि ते ओगराळं शेजारच्या लिंबाच्या बुंध्यात ओतलं. बाकी काही बोलले नाहीत. मी, जिने आठवीची अख्खी सुट्टी वाड्यापुढे बसून लोकांना पाणी पाजलं!

तेव्हापासून डोक्यात एकच, तुझी कावीळ आपल्या रांजणाची होती का? तुझ्या आईने माझ्या आईला ऐकवलं, मग सहा महिने आपलं बोलणं बंद, आणि मी गावभर सांगत सुटले की मंदी रोज बर्फाचा गोळा खाते त्याने झाली (खायचीसच, कालाखट्टा, माझ्या पैशाने). आता वाचलं, दूषित पाण्यातून होते ती 'ए' प्रकारची कावीळ पोटात गेल्यापासून 15 ते 50 दिवसांत कधीही उठते. पाणपोई आपण पाऊस लागल्यावर बंद केली, तू पिवळी पडलीस शाळा सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे बसतंय गं. गोळाही बसतो म्हणा. पण बंड्या सारखा रांजणात हात घालायचा, मी बघायचे आणि गप्प बसायचे, कारण तो नळावरून हंडे आणून द्यायचा. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुझं नवीन घर लागलं का? चिन्मयचं ठरतंय म्हणे, मुलीचा फोटो पाठव. सुट्टीत गाडीने आलात तर वाटेत बाटल्या विकत घेत बसू नका, पेट्रोल पंपावर प्यायचं पाणी फुकट ठेवावंच लागतं त्यांना, हक्काने भरा.

आणि हो, दुसऱ्या दिवशी मी एकटी परत गेले. बाबांनी ओळखलं की नाही देव जाणे, दोन ओगराळी प्यायले, गार होतं, मातीचा वास तोच. आज पाचवा दिवस. रोज उठल्या उठल्या आरशात डोळे बघतेय, ह्यांना वाटतंय मोतीबिंदू झाला. अजून 45 दिवस.

तुझ्या आईला सांगू नकोस.

तुझी,
कुमी