लग्नाची फुले, रंग, वाजंत्री : रविवारी बैठक

सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० वाजता आपल्या पंचवटी कार्यालयात जमायचे आहे. ज्यांच्याकडे कार्य आहे त्यांनी वधूची साडी सोबत आणावीच; मोबाइलच्या फोटोत रंग फसतो. पिवळ्या अष्टपुत्री साडीमागे झेंडूचा पडदा लावला की नवरी त्यात हरवते. तिथे पांढरी शेवंती आणि हिरवा पालाच हवा.

फुले : झेंडू आदल्या दिवशी घेतला तरी चालतो. मोगरा, निशिगंध मात्र त्याच पहाटे गणेशवाडीच्या फुलबाजारातून आणा. पाणी मारून पिशवीत कोंबलेला मोगरा तपकिरी पडतो. ओलसर सुती फडक्यात, टोपलीत सैल ठेवा.

वाजंत्री : शेवटच्या ‘सावधान’ला खूण करणारा एकच माणूस आधी नेमा, नाहीतर ताशा मंगलाष्टकांतच सुरू होतो. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद.