चाचणीआधी तास मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

असुरक्षित संबंधानंतर वाटणाऱ्या एचआयव्हीच्या भीतीबद्दल आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. विषय छापलात हे उत्तम केलेत. पण ‘शंका असल्यास ताबडतोब चाचणी करून घ्या’ हे त्यातले चौकटीतले वाक्य अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे न सांगितल्याने एखाद्याचे कायमचे नुकसान होऊ शकते. रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची सगळी वर्षे गेली. हे अर्धे वाक्य ऐकून आलेली माणसे मी पाहत आले आहे, म्हणून लिहिते.

असा माणूस शक्यतो सकाळी, गर्दी व्हायच्या आत येतो. मागे कुणी उभे नाही याची खात्री करून काउंटरवर वाकतो, नाव सांगताना अडखळतो (ते खरे असतेच असे नाही) आणि हळूच म्हणतो, ‘सगळ्याच टेस्ट करून टाका.’ सुई टोचायच्या आधीच विचारतो, रिपोर्ट कधी मिळेल? संध्याकाळी कागदावर ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’ (म्हणजे निगेटिव्ह) वाचले की त्याचा जीव भांड्यात पडतो. खाली बारीक अक्षरांत विंडो पिरियडबद्दल, म्हणजे संसर्ग होऊनही चाचणीत न दिसण्याच्या काळाबद्दल, एक ओळ असते, ती वाचायच्या मनःस्थितीत तो नसतो. घटना असते आदल्या रात्रीची. त्या रात्री काय झाले याबद्दल या रिपोर्टमध्ये अक्षरही नसते. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत संसर्ग झालेला नव्हता, एवढेच तो सांगतो.

कारण साधे आहे. विषाणू शरीरात शिरला की लगेच रक्तात सापडत नाही. आधी तो शिरकावाच्या जागेजवळच्या पेशींत आणि लसिकाग्रंथींत वाढतो. मग रक्तात उतरतो, आणि त्याच्याविरुद्ध शरीर बनवते ती प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) तयार व्हायला आणखी वेळ लागतो. साधारण पहिले दहा दिवस तर कितीही महागडी चाचणी केली तरी हाती काही लागत नाही.

पण याच सुरुवातीच्या काळात संसर्ग रोखता येतो, आणि लेखात नेमके तेच राहून गेले. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत औषधे सुरू केली तर विषाणूला शरीरात ठाण मांडू न देण्याची चांगली शक्यता असते. याला पीईपी (पोस्ट-एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस, म्हणजे संपर्कानंतरचा प्रतिबंधक उपचार) म्हणतात. यात रोज गोळ्या घ्यायच्या, पूर्ण २८ दिवस. सध्या बहुतेक ठिकाणी टेनोफोविर, लॅमिव्हुडिन किंवा एमट्रिसिटाबिन, आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधे देतात, पुष्कळदा एकाच गोळीत. ७२ तास ही शेवटची हद्द आहे. ‘अजून दोन दिवस आहेत, सोमवारी बघू’ असा तिचा अर्थ कुणी घेऊ नये. पहिला डोस जितका लवकर पोटात जाईल तितका बरा, आणि रिपोर्टसाठी तो थांबवून ठेवायचा नसतो. रक्त त्याच वेळी घेतात, पण वेगळ्या कारणाने: आधीपासूनच संसर्ग असेल तर २८ दिवसांचा कोर्स पुरत नाही, नियमित उपचार लागतात. मूत्रपिंडाचे काम आणि हिपॅटायटीस बी हेही पाहतात, कारण यातली काही औषधे हिपॅटायटीस बी विषाणूलाही दाबून ठेवतात आणि ती बंद केल्यावर तो आजार उसळू शकतो.

हे काही कालपरवाचे संशोधन नाही. दूषित सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा १९९७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की नुसत्या झिडोव्हुडिनने, म्हणजे तेव्हाच्या एकाच औषधाने, त्यांच्यातला संसर्गाचा धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. रुग्णालयातल्या नर्सला सुई टोचली तर पुढे काय करायचे हे तिथे प्रत्येकाला पाठ असते. तीच माहिती बाहेरच्या माणसाला कुणी देत नाही, हे मला कायम खटकत आले आहे.

सकाळी आलेल्या त्या माणसाला काउंटरवर कुणी एवढेच विचारले असते, की ‘घटना कधीची?’, तर चाचणीच्या आधी तो डॉक्टरांकडे गेला असता. फॉर्मवर वय असते, लिंग असते, उपाशीपोटी आहात का हेही असते. संपर्काची तारीख आणि वेळ यांचा रकाना मात्र नसतो. एचआयव्हीची चाचणी करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी हा एक रकाना सक्तीचा व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कुणाशी, कसे, का या चौकशा नकोत. तास कळले की पुरे. त्याने पैसे भरले, आपण रक्त घेतले, रिपोर्ट हातात दिला आणि ७२ तास उलटून गेले, तर आपण त्याची कसली सेवा केली?

आता चाचणी नेमकी कधी करावी ते सांगते. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी चौथ्या पिढीची चाचणी प्रतिपिंडांबरोबर पी२४ हे विषाणूचे प्रथिनही शोधते. ती साधारण १८ ते ४५ दिवसांत संसर्ग पकडते. फक्त प्रतिपिंडे पाहणाऱ्या चाचण्यांना २३ ते ९० दिवस लागू शकतात, आणि बोट टोचून किंवा तोंडातला स्राव घेऊन करायची बहुतेक जलद व घरगुती किट याच प्रकारातली असतात. विषाणूचा आरएनए (त्याचे जनुकीय द्रव्य) शोधणारी चाचणी १० ते ३३ दिवसांत सांगू शकते, पण ती सरसकट करत नाहीत. म्हणून रिपोर्टवर नुसते ‘निगेटिव्ह’ पाहून भागत नाही. चाचणी कोणती आणि संपर्कानंतर कितव्या दिवशी केली, हे दोन्ही जुळले पाहिजे. पीईपी घेतली असेल तर हे वेळापत्रक आणखी लांबते, कारण औषधांमुळे प्रतिपिंडे उशिरा दिसू शकतात. अशांनी डॉक्टर देतील त्या तारखा पाळाव्यात. शेवटची तपासणी साधारण बारा आठवड्यांच्या आसपास होते.

लक्षणांच्या भरवशावर तर कुणी राहूच नये. संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांनी काहींना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठते. पुष्कळांना काहीच होत नाही. साध्या फ्लूलाही हेच होते, आणि रात्रभर जागून काळजी केली तरी घसा सुकतोच.

आमच्याकडे येणाऱ्यांत दोन टोके असतात. एक, ज्यांनी फक्त चुंबन घेतले किंवा एका पेल्यातून पाणी प्यायले, आणि तरी झोप उडालेली असते. दुसरे, खरोखर जोखमीचा संबंध होऊनही ‘समोरचा माणूस चांगल्या घरातला होता’ म्हणून निर्धास्त असलेले. आकडे सांगितलेले बरे. जोडीदाराला एचआयव्ही आहे, उपचार चालू नाहीत आणि कंडोम नाही, असे धरले तर गुदमैथुनात स्वीकारणाऱ्या व्यक्तीला दर १०,००० संबंधांमागे सुमारे १३८ वेळा संसर्ग होण्याचा अंदाज आहे. योनीसंबंधात स्त्रीला सुमारे ८ आणि पुरुषाला सुमारे ४. मुखमैथुनात धोका फारच कमी. ही सरासरी आहे. दोघांपैकी कुणाला दुसरा गुप्तरोग असेल, जखम असेल, किंवा जोडीदाराचा संसर्ग अगदी ताजा असेल तर धोका वाढतो.

उलट, जोडीदार नियमित उपचारांवर असेल आणि त्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नसेल, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. समलिंगी पुरुष जोडप्यांचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात कंडोमविना ७६ हजारांहून अधिक संबंधांची नोंद होती आणि उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून एकालाही लागण झालेली नव्हती. आपल्या लेखात एचआयव्ही असलेल्या व्यक्तीचा उल्लेख फक्त धोका म्हणून आला, तोही मला रुचला नाही. ज्याला आपला आजार माहीत आहे आणि जो रोज गोळी घेतो, त्याच्यापेक्षा ज्याने कधी तपासलेच नाही अशा माणसाची चिंता जास्त करायला हवी.

बलात्कारानंतर आलेल्या व्यक्तीबाबत तर तासांचा हिशेब आणखी कडक पाळावा लागतो. पोलिसांची कागदपत्रे होत राहतील, पीईपीचा पहिला डोस त्यांच्यासाठी खोळंबता कामा नये. गर्भधारणा शक्य असेल तर तातडीचे गर्भनिरोधकही पाच दिवसांच्या आतच घ्यावे लागते, आणि तिथेही जितके लवकर तितके चांगले. सिफिलिस, गनोरिया वगैरेंची तपासणीही ठरवून घ्यावी. सगळे लक्ष एचआयव्हीकडे लागते आणि सहज बरे होणारे हे आजार मागे राहून जातात.

रिपोर्ट ‘रिअॅक्टिव्ह’ आला तर? पहिल्या चाचणीवरून निदान करत नाहीत. वेगवेगळ्या चाचण्या करून ते पक्के करावे लागते. घरच्या किटवरही कंट्रोलची (किट नीट चालले हे दाखवणारी) रेघ उमटली नाही तर ती चाचणी बाद, आणि दिलेली वेळ उलटून गेल्यावर दिसलेली फिकट रेघ धरायची नसते. निदान पक्के झालेच तरी आज लगेच उपचार सुरू होतात, आणि वेळेवर सुरू केले तर आयुष्य जवळपास इतरांइतकेच लांब असते.

घाईच्या रिपोर्टवर निर्धास्त होणाऱ्यांच्या नेमकी उलट तऱ्हाही असते. योग्य दिवसांनंतर केलेली चाचणी निगेटिव्ह, तरी पुन्हा दुसऱ्या लॅबमध्ये, मग तिसऱ्या. या माणसांना आणखी रक्त काढून काही मिळत नाही. बहुधा त्यांच्या मनात त्या रात्रीबद्दलचा अपराधीपणा असतो, आणि तो कुठल्याही नळीत सापडत नाही. त्यांना समुपदेशकाकडे पाठवावे, त्यांची टिंगल करू नये. आमच्या क्षेत्रात ती होते, हे लिहिताना मला बरे वाटत नाही.

आपणास विनंती, की पुढच्या पुरवणीत ती चौकट दुरुस्त करून छापावी: ७२ तासांच्या आत असाल तर आधी पीईपी, चाचणी त्यासोबत आणि नंतर ठरल्या दिवशी पुन्हा. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेल्यावर काय बोलावे हे सुचत नाही म्हणून बरेच जण दारातूनच परततात, तेव्हा तेही छापा. ‘एचआयव्हीचा संपर्क झाला असण्याची शक्यता आहे, इतके तास झाले आहेत, मला पीईपीबद्दल डॉक्टरांशी बोलायचे आहे.’ बाकीचा तपशील डॉक्टरांच्या खोलीत, दार लावल्यावर सांगितला तरी चालतो.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
(नाव छापू नये, ही विनंती)