रविवार थोडा पुढे ढकल

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

यूट्यूबवरच्या खात्याचं नाव ठरलं, लोगो झाला आणि येत्या रविवारी पहिला व्हिडिओ टाकायचा, हे वाचून आनंद झाला. ग्रहताऱ्यांबद्दल मिनिटभरात समजावून सांगायचं, ही कल्पना मला मनापासून आवडली. एकच विनंती आहे, रविवार थोडा पुढे ढकल. आधी दहा-बारा व्हिडिओ पूर्ण करून हाताशी ठेव आणि मग सुरुवात कर.

पहिला व्हिडिओ गेला की आकडे दिसायला लागतात. मग पुढचा विषय आपण निवडत नाही, आकडा निवडतो. हाताशी साठा असला तर निदान तेवढे व्हिडिओ तरी संपूर्ण तुझ्या मनाचे होतील. आणि त्या आकड्याचा अर्थही समजून घे. यूट्यूबने 31 मार्च 2025 पासून शॉर्ट्सचे, म्हणजे तिथल्या छोट्या उभ्या व्हिडिओंचे, व्ह्यूज मोजायची पद्धत बदलली. व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा पहिल्यापासून लागला की एक व्ह्यू धरला जातो, किमान इतके सेकंद पाहिला पाहिजे अशी अट नाही. म्हणजे कुणी नुसतं बोटाने पुढे सरकवलं तरी तो मोजला जातो. तुला आकडा बघायचाच असेल तर लोक कितव्या सेकंदाला निघून गेले, तो आलेख बघ. त्यातून शिकता येतं.

तुझ्या यादीतला चंद्राचा विषय मी सर्वांत आधी घेतला असता. चंद्राची एकच बाजू दिसते म्हणून तो स्वतःभोवती फिरतच नाही, असं कितीतरी जणांना वाटतं. तो फिरतो, पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात स्वतःभोवती एक. हे शब्दांत सांगत बसू नकोस. मध्ये खुर्ची ठेव आणि तोंड सतत तिच्याकडे ठेवून तिच्याभोवती चाल. फेरी संपेपर्यंत खोलीच्या चारही भिंती तुझ्या डोळ्यांसमोरून जातात, म्हणजे तूही स्वतःभोवती एकदा फिरलेली असतेस. पहिल्या सेकंदाला तू चालतानाच दिसली पाहिजेस. ‘नमस्कार मित्रांनो’ नको, ओळख नको, लोगोही नको.

शॉर्ट्सना 15 ऑक्टोबर 2024 पासून तीन मिनिटांपर्यंतची मुभा आहे. ती आहे म्हणून वापरू नकोस. या खुर्चीच्या प्रयोगाला चाळीस सेकंद पुरतात.

फ्रेम उभी, 1080 बाय 1920 पिक्सेल. खाली कॅप्शन आणि उजवीकडे बटणं येतात, म्हणून अक्षरं मधल्या भागात ठेव. आवाजाकडे चित्राहून जास्त लक्ष दे: पंखा बंद, माइक कॉलरला. सबटायटल्स मात्र स्वतः वाचून दुरुस्त कर, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात.

नासाची छायाचित्रं सहसा मोकळेपणाने वापरता येतात, पण काहींचे हक्क इतरांकडे असतात. प्रत्येक चित्राखालची ओळ वाच आणि श्रेय दे. एआयने बनवलेलं चित्र घेतलंस, तर ते दुर्बिणीतून घेतलेलं नाही हे पडद्यावरच लिही. आकाशाबद्दल बोलणाऱ्याने एवढं तरी पाळायलाच हवं, या मताचा मी आहे.

मूळ फाइल्स वेगळ्या डिस्कवर जप, संगीत आणि वॉटरमार्क (चित्रावरचा ॲपचा शिक्का) नसलेल्या. 2013 मध्ये वाइन नावाचं सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं ॲप आलं आणि खूप गाजलं. चार वर्षांत ते बंद पडलं, आणि तिथे जमवलेला प्रेक्षकवर्ग तिथेच राहिला. आज जी ॲप्स कायमची वाटतात, तीही कंपन्यांचीच आहेत.

खात्यासाठी वेगळा ईमेल घे आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवायची सोय, आजच सुरू कर. खिडकीतून आपली इमारत ओळखू येईल असं काही फ्रेममध्ये येऊ देऊ नकोस. घाणेरडे शब्द कमेंटमध्ये अडवणारं फिल्टर आधीच लाव. आणि कुणी खरी चूक दाखवली, तर आभार मानून ती दुरुस्त कर.

खुर्चीचा व्हिडिओ झाला की मला पाठव. मी तो आधी आवाज बंद करून पाहीन आणि काय कळलं नाही ते कळवीन.

तुझा,
बाबा